दगाआप्पांचं कोर्ट आणि खापरावरची पोळी

रेवा, निनाद,

हे तुम्हा दोघांसाठी आहे आणि दोघांनीही सबंध वाचायचं आहे. रेवाने टोरांटोत, निनादने डब्लिनमध्ये. गेल्या रविवारी घरच्या ग्रुपवर निनादला अणुवीज हवी आणि रेवाला फक्त उन्हाची, यावरून तुम्ही जे भांडलात, ते मी चष्मा पुसून पुसून वाचलं. शेवटी रेवा ग्रुपमधून निघून गेली आणि निनादने वर अंगठा टाकला. तुमच्या आईचा लगेच मला फोन. "आई, तू तरी काहीतरी बोल यांच्याशी."

अणुविजेवर मी काही बोलणार नाही. मी बडोद्याला इंग्रजीतून शिकले, नंदुरबारच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, फळ्यावर शेकडो अणू काढले आणि पुसले. तरी ती अणुभट्टी आतून नेमकी कशी चालते हे मला धड सांगता येणार नाही. तुम्हालाही येत नसावं असा माझा संशय आहे. म्हणून त्याऐवजी मी शेजारच्या दगाआप्पांबद्दल लिहिते. यंदाच्या अखाजीला त्यांच्या परसात जे घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलं, आणि ते कोणाला तरी सांगावं म्हणून मी तेव्हापासून नुसती फुरफुरते आहे!

दगाजीआप्पा पाटील म्हणजे आपल्या भिंतीला ज्यांची भिंत लागून आहे ते. मूळचे कोरीटचे. तिथे शेती, आणि इथे कोर्टात पट्टेवाल्याची नोकरी. चौतीस वर्षं त्यांनी कोर्टाच्या दाराशी उभं राहून पुकारा केला. आधी माणसाचं नाव, मग बापाचं, मग गावाचं, आणि शेवटी लांबलचक "हाजिर हो!" आवाज असा, की बाहेर चहा पिणारी ज्यांची तारीख नाही ती माणसंही कप खाली ठेवत. न्यायाधीश बदलून गेले, वकील म्हातारे झाले, आप्पा दारातच उभे. निवृत्त झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपण आयुष्यभर निकाल नुसते ऐकले, स्वतः एकही दिला नाही.

ही कसर त्यांनी अशी काही भरून काढली की विचारू नका.

त्यांच्या घराचं फाटक लोखंडी पत्र्याचं, काळ्या रंगाचं. रोज सकाळी सात वाजता अंघोळ करून, टोपी घालून, आप्पा खडू घेऊन बाहेर येत आणि फाटकावर त्या दिवसाचा निकाल लिहीत. मग काठीने फाटकावर तीन ठोके आणि आरोळी, "निकाल लागना!" कॉलनीतली कुत्री आधी भुंकत आणि मग वाचायला आल्यासारखी फाटकापाशी जमत.

आप्पा बोलत अहिराणी, पण लिहीत अस्सल कोर्टाची मराठी. काही निकाल मी उतरवून ठेवले आहेत. माझी फाईल तुम्हाला माहीतच आहे.

"शेपू ही भाजी नसून केवळ वास आहे. सबब ती या कॉलनीत कोणी शिजवू नये. अपील नाही."

"टीव्हीवर हवामान सांगणारी मुलगी कधीही शेतात गेलेली नाही, हे तिच्या चपलांवरून सिद्ध होते. सबब तिचे म्हणणे फेटाळण्यात येत आहे. अपील नाही."

"सुरतेकडची गाडी उशिरा येण्यास उकाई धरणावरील वारा जबाबदार आहे. अपील नाही."

वारा गाडीला अडवतो, हे मी विज्ञानाची शिक्षिका म्हणून कसं ऐकून घ्यावं? मी रोज फाटकावरून वाद घालायची. मी एक सांगितलं की ते दोन सांगत. मी पुस्तक दाखवलं की ते म्हणत, "पुस्तक लिखनारले मी कोर्टमा देखेल शे. तोबी खोटं बोले!" मी तणतणत घरी यायची. तुमचे आजोबा तेव्हा होते. ते म्हणायचे, "तू हरलीस की चहा फार गोड करतेस."

मग एकदा, अगदी अनवधानाने, मला युक्ती सापडली.

त्या दिवशी फाटकावर फ्रीज होता. "फ्रीजमधील पाणी हे सर्व आजारांचे मूळ असून फ्रीज हे यंत्र निसर्गाच्या विरुद्ध आहे." उन्हाळा जोरात होता, मला वाद घालायची ताकद नव्हती. मी नुसतं विचारलं, "आप्पा, फ्रीज गार कसा होतो हो?"

"कसा म्हंजे? आत बरफ रहास."

"बर्फ कसा होतो?"

"थंडीनं."

"थंडी कुठून येते?"

"मांगेतीन! मांगे ती जाळी रहास ना काळी, तठून!"

"पण जाळी तर हाताला गरम लागते."

आप्पांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. मग अतिशय दुखावलेल्या स्वरात म्हणाले, "बाई, हाई उलटतपासणी शे."

पण आप्पांचा एक गुण मी त्या दिवशी पाहिला, आणि तो फार थोड्या माणसांत असतो. येत नसलेली गोष्ट त्यांनी ठोकून दिली नाही. दुसऱ्या दिवशी फाटकावर होतं, "फ्रीज प्रकरण. पुरावा अपुरा. पुढील तारीख." मी आनंदाने टाळ्या वाजवल्या. खरं सांगायचं तर घरी येऊन मलाही पुस्तक उघडावं लागलं होतं. मुलांना शिकवताना मी "वायू दाबतात, मग तो पसरतो" असं म्हणून पुढच्या धड्याकडे वळायची.

आता माईंबद्दल. माई म्हणजे आप्पांच्या बायको, केसरबाई. लहानखुऱ्या, डोक्यावर पदर, तोंडात चकार शब्द नाही. आप्पांचा निकाल लागत असताना त्या मागून चहाचा कप आणून फाटकाच्या खांबावर ठेवत आणि निघून जात. अठरा वर्षं मी त्यांच्या शेजारी राहिले आणि अठरा वर्षं माझं त्यांच्याबद्दल ठाम मत होतं, की ही बिचारी, दबलेली बाई आहे. माझंही फाटकच होतं, फक्त मी त्यावर लिहीत नव्हते.

गेल्या वर्षी श्रावणात माई गेल्या. तेरा दिवस फाटक कोरं राहिलं. चौदाव्या दिवशी पुन्हा ठोके ऐकू आले, आणि मग दिवसाला दोन-दोन, तीन-तीन निकाल येऊ लागले. सगळे कडक. चहा आता खांबावर कोणी ठेवत नव्हतं. सून मनीषा परिचारिका. ती सकाळी सहालाच ड्यूटीवर जाई. मुलगा भटू वीज खात्यात, तोही लवकर जाई.

मनीषा चिंचपाड्याजवळच्या एका गावची, कोकणी घरातली. कोकणी म्हणजे कोकणातले नव्हेत, आपल्याकडच्या डोंगरातले आदिवासी. भटूने स्वतः पसंत केलेली. आठ वर्षांपूर्वी त्या लग्नावरही निकाल लागला होता, आणि तो आप्पांनी कधी मागे घेतला नाही. लग्नाला गेले, जेवले, पण तिच्या माहेरच्या गावात पाऊल टाकलं नाही. मनीषा त्यांच्याशी शाळेतल्यासारखी शुद्ध मराठी बोले आणि आप्पा तिच्याशी शक्यतो बोलतच नसत. जे सांगायचं ते माईंच्या मार्फत. माई गेल्यावर ते दोघं एका घरात परगावच्या पाहुण्यांसारखे राहत होते.

अशात अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. तुम्हाला अखाजीचा फक्त आमरस आठवत असेल. पण खान्देशात त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी पाण्याने भरलेली मातीची घागर मांडतात, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, आणि चुलीतल्या निखाऱ्यावर नैवेद्याचा पहिला घास तुपासकट सोडतात. त्याला आगारी म्हणतात. नैवेद्याला पुरणपोळी, पण लाटलेली नाही. ती हातांवरच फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायची. पोळी रुमालाएवढी पातळ आणि ताटाबाहेर जाईल एवढी मोठी. माईंची पोळी पंचक्रोशीत नावाजलेली. वर्षातून त्या एका दिवशी आप्पा जेवताजेवता ओसरीवरून ओरडत, "वा! हाई पोळी! अपील नही!" आणि ते आम्हाला आमच्या ताटावर ऐकू येई.

यंदाची घागर माईंची होती, पहिली. आणि आठ दिवस आधी फाटकावर हे उमटलं:

"सून मनीषा हिला खापरावरील पोळी येत नाही. डोंगराकडील माणसांना ती येणे शक्यही नाही. सबब अखाजीस तिने चूल पेटवू नये. पोळी विकत आणण्यात यावी. अपील नाही."

मी खिडकीत होते. मनीषा ड्यूटीवरून आली, पांढऱ्या गणवेशात, हातात भाजीची पिशवी. तिने ते सगळं वाचलं. मग कडी उघडली, आत गेली आणि फाटक नेहमीसारखं हळूच लावून घेतलं. एवढंच. माझ्याच्याने ते बघवलं नाही. मी तशीच, पायात एक चप्पल एक सपात, आप्पांकडे गेले.

"आप्पा, पुसा ते."

"निकाल पुसायेत नही."

आता मी वाद घालायला तोंड उघडलं होतं, आणि फ्रीज आठवला. मी खुर्ची ओढली, पदरातून पेन काढलं. "बरं. तिला येत नाही. माईंना येत होती. मग माई कशी करत ते सांगा. मी लिहून घेते, कायमची नोंद राहील. तुमची साक्ष."

साक्ष म्हटल्यावर आप्पा ताठ झाले. "लिखा. पहिले गहू."

"गव्हाचं काय?"

"गहू... दळेत."

"भिजवून की कोरडे? चाळायचं कशातून?"

"चाळनीतून!"

"पीठ मळल्यावर किती वेळ ठेवायचं?"

"ठेवेत... थोडं."

"पोळी हातावर घेताना हाताला काय लावत? पाणी, तूप की पीठ?"

"बाई, तुम्ही लई बारीक इचारतस."

"पोळी कुठल्या हातावरून कुठल्या हातावर जायची?"

आप्पा उठले. "लिखी काय व्हस? मी करी दाखाडस!"

आणि रेवा, निनाद, मग जे झालं ते बघायला तुम्ही हवे होतात! दुसऱ्या दिवशी रविवार. आप्पांनी परसातली चूल स्वतः पेटवली. धुराने अर्धी कॉलनी खोकली. पीठ मळलं ते पातळ झालं, म्हणून पीठ घातलं, मग घट्ट झालं, म्हणून पाणी घातलं, असं करता करता एका लग्नाला पुरेल एवढा गोळा झाला. पुरणातली डाळ टणटणीत. भटू दारात उभा राहून हसू दाबत होता. मनीषा पायरीवर हात बांधून बसली होती, चेहरा एकदम कोरा.

आप्पांनी पुरण भरलेला उंडा हातावर घेतला, पुकारा करण्यापूर्वी छाती भरत तशी छाती भरली आणि हात हलवले. पोळी वाढली. मी ओरडले, "आली, आली!" पोळी एका बाजूने लोंबली, आप्पांनी ती सावरायला हात वर केला, आणि ती उडून त्यांच्या खांद्यावर पडली. वकिलाचा गाऊन पडावा तशी, पुरणासकट.

भटू पोट धरून खाली बसला. मनीषा झटकन आत गेली, पण तिचे खांदे गदगदत होते. मीही हसले, हे कबूल करते. मग आप्पांकडे पाहिलं आणि माझं हसू विरलं. ते खांद्यावरची पोळी न काढता तसेच उभे होते.

"बाई," ते म्हणाले, "माई हाई कसं करे वं?"

अठरा वर्षांत आप्पांनी विचारलेला हा पहिला प्रश्न.

फाटकावरचा निकाल त्यांनी पुसला नाही, त्या आठवड्यात दुसरा लिहिलाही नाही. पण तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "कोरीटले जाऊ. जिजीले इचारू." जिजी म्हणजे त्यांची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची, जिभेने पंचविशीची. आम्ही रिक्षाने गेलो. जिजी ओट्यावर मिरच्यांची देठं खुडत बसली होती. आप्पांना बघून ती उठलीसुद्धा नाही.

"वना का रे जज! आठे कोनले फाशी देवानी शे?"

"जिजी, माईनी पोळीनं इचाराले वनू."

"तुले कसाले? तू आते भाकरी थापशी का?"

पण सांगायला लागल्यावर ती थांबेना. गहू धुवायचे, ओलसर असतानाच दळायचे, पीठ तलम फडक्यातून गाळायचं. माझं पेन भराभर चालत होतं. मग जिजी हसायला लागली. "ती वनी तवय तिले कायबी येये नही. मी शिकाडं तिले. अन् ती डावरी! मी उजवा हात दाखाडू, ती डावा करे. पहिली पोळी कोठे पडनी मालूम शे? सासराना फेटावर! आम्ही दोन्ही कोठीमा लपी गयूत, हसी हसी मरनूत."

"डावरी?" आप्पा म्हणाले.

"हा. डावरी. पोळी डावा हातवर झेले. तिनामायेक उलटी पोळी बठ्ठा खान्देशमा कोनी करे नही."

"माले मालूम नही."

"शेहेचाळीस वरीस संसार करा, अन् मालूम नही?"

"कोनी सांगंच नही माले."

जिजीने मिरचीचं देठ तोडून बाजूला टाकलं. "तू इचारं कवय?"

आम्ही रिक्षाने परत निघालो. दुतर्फा पपईचे मळे मागे जात होते, एरवी एकेकाच्या मालकावर निकाल लागला असता. मध्येच आप्पा म्हणाले, "बाई, ती तुमनासंगे काय बोले?"

माई सासऱ्याच्या फेट्यावर पोळी टाकून कोठीत लपून हसणारी मुलगी होती, हे मलाही त्याच दिवशी कळलं होतं. मी तिला "बिचारी" ठरवून मोकळी झाले होते. मी म्हटलं, "आप्पा, मीही कधी विचारलं नाही."

अखाजीच्या दिवशी त्यांनी मला सकाळीच बोलावलं. ओसरीवर घागर मांडली होती, वर डांगर. विकतच्या पोळ्या आणल्या नव्हत्या. आप्पा परसात चुलीपाशी पाटावर बसले होते. त्या जागी ते कधीच बसत नसत. मनीषा समोर उभी होती.

"मनीषा," आप्पा म्हणाले, "पोळी तू कर. मी दखस. काही बोलाव नही."

मनीषाने पदर खोचला नाही. "आप्पा, मी चूल पेटवू नये असं फाटकावर लिहिलंय. आठ दिवस सगळी कॉलनी वाचते आहे. दूधवाल्यानेही मला विचारलं. मी कशी पेटवू?"

आप्पा उठले, घरातून पुढे गेले. आम्हाला फाटकाचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांची टोपी हातात होती आणि ती खडूने पांढरी झाली होती.

"पुसं," ते म्हणाले आणि पुन्हा पाटावर बसले.

मनीषाने चूल पेटवली. पीठ तिने पहाटेच भिजवून ठेवलं होतं. म्हणजे तिचं ठरलेलंच होतं बघा! तिने उंडा घेतला, पुरण भरलं, हाताला पाणी लावलं आणि पोळी हातावर घेतली. काय सांगू! पोळी या हातावरून त्या हातावर अशी वाहायला लागली, की मी वही विसरले. मनगट, मग अर्धा हात, मग कोपर. आप्पा पुढे वाकून बघत होते. आणि एकदम त्यांनी विचारलं, "तू डावरी शे का?"

मनीषाचे हात थांबले नाहीत. पोळी तिच्या डाव्या हातावर येऊन झेलली जात होती. "नाही आप्पा. इंजेक्शन मी उजव्यानेच देते."

"मंग?"

तिने पोळी खापरावर टाकली, कडा बोटांनी नीट केल्या. मग म्हणाली, "माईंनी शिकवली. मागे उभं राहून, माझे हात धरून. त्यांचा जो हात चालायचा तोच मला आला."

"कवय?"

"सहा अखाज्या झाल्या. त्यांचा खांदा धरला होता, हात वर जात नव्हता. पोळ्या मी करायचे, त्या इथे पाटावर बसून सांगायच्या. ताट त्या बाहेर आणायच्या."

खापरावरची पोळी फुगत होती. मनीषाने ती उलटली, घडी केली, ताटात ठेवली.

"माले काब्र सांगं नही?"

"माईंनी बजावलं होतं." मनीषाने पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. "त्या म्हणायच्या, तो वर्षातून एकदाच मला चांगलं म्हणतो. तेवढं राहू दे. तुम्ही ओसरीवरून 'वा' म्हणालात की त्या माझ्या पाठीत गुद्दा मारायच्या आणि तोंडावर पदर घेऊन हसायच्या."

रेवा, आठ दिवस फाटकावर नाव लिहिलेलं असताना या मुलीने हे पोटात ठेवलं. एक वाक्य बोलली असती तर सगळा निकाल कोसळला असता. ते वाक्य माईंचं होतं म्हणून ती बोलली नाही.

आप्पांनी आगारी सोडली. पोळीचा घास निखाऱ्यावर ठेवला, वर तुपाची धार. वास सगळ्या परसात पसरला. मग दुसरी पोळी त्यांनी मोडली आणि अर्धी मनीषाच्या पुढे धरली. करणारी शेवटी जेवते, ही आपल्याकडची रीत. मनीषा गोंधळली. "खाय," आप्पा म्हणाले. आणि मग अगदी हळू, "आजून काय काय मालूम नही माले? सांग."

ती सांगायला लागली. माईंना सिनेमातली मारामारी आवडायची. माईंना शेपू आवडायचा, आप्पा बाहेरगावी गेले की त्या दोघी तो शिजवून खात. माई आप्पांच्या निकालांची नक्कल करत, अगदी ठोक्यांसकट. प्रत्येक गोष्टीला आप्पा म्हणत, "मंग?" ओसरीवर पाहुणे जमले, भटू दोनदा बोलवायला आला, आमरस गरम झाला. सासरा-सून उठेनात. आठ वर्षांत ते एकमेकांशी बोलले नसतील तेवढं त्या दुपारी बोलले. मध्येच आप्पांनी टोपीने डोळे पुसले आणि चेहराभर खडू लागला. मनीषाने ओला फडका पुढे केला.

तुम्ही म्हणाल, मग आप्पा सुधारले का? छे! निकाल अजून लागतात आणि ठोकेही पडतात. पण निम्म्या वेळा फाटकावर निकालाऐवजी प्रश्न असतो. "पपईच्या झाडात नर-मादी कशी ओळखावी? माहीतगारांनी कळवावे." परवा तर लोक थांबून उत्तरं लिहीत होते, खडूसाठी रांग! आणि दिवाळीत आप्पा मनीषाच्या माहेरी जाऊन आले. चार दिवस राहिले. परत आले ते थेट माझ्याकडे, चप्पल न काढता. "बाई, त्या लोकेस्ले भातना कितला प्रकार मालूम शेतस! मी फक्त बठी ऱ्हायनू अन् इचारत ऱ्हायनू!" इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर कुठल्याही निकालाच्या वेळी पाहिला नव्हता.

तर मुलांनो, माझं एवढंच मागणं आहे. रेवा, तू निनादला फोन कर आणि विचार, "ती भट्टी कशी चालते, मला सुरुवातीपासून सांग." निनाद, तू रेवाला विचार, "सूर्य मावळल्यावर वीज कुठून आणायची, पायरी पायरीने सांग." का हवी, का नको, हे अजिबात विचारू नका. कशी, एवढंच. जिथे अडाल तिथे दोघांनी मिळून पुस्तक उघडा. मत तेच राहिलं तरी चालेल. आवाज खाली येईल, याची हमी मी देते.

इकडचं म्हणाल तर, जिजी भादव्यात गेली. माईंचं खापर दिवाळीच्या आवराआवरीत भटूच्या हातून पडलं आणि त्याचे तीन तुकडे झाले. घरचे गहू यंदा पेरलेच नाहीत. पोळी मात्र आहे. मनीषा ती डाव्या हातावर झेलते, आणि गेल्या रविवारी आप्पांची एक पोळी खांद्यावर न पडता खापरावर पडली.

तुमची,
आजी